सोलापूरच्या उन्हात बुलडॉग: पिल्लू बघण्यापासून घड्या पुसण्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली फ्लॅट. घरात दोन शाळकरी मुलं. पुण्याचा एक विक्रेता ‘ओरिजिनल इंग्लिश बुलडॉग, हेवी बोन, डबल रिंकल’ असं ४० दिवसांचं पिल्लू देतो म्हणतोय. घ्यावं का, घेतलं तर इथल्या उन्हाळ्यात सांभाळायचं कसं, आणि खायला काय द्यायचं?

आधी सरळ उत्तर देतो. मार्चच्या शेवटापासून पाऊस नीट लागेपर्यंत घरातली एक खोली दिवसभर एसीवर ठेवायची तयारी नसेल, तर बुलडॉग घेऊ नका. कूलरवर भागेल, पंख्याखाली सवय होईल, असं विक्रेते सांगतात. सवय होत नाही. आणि ४० दिवसांचं पिल्लू तर नकोच. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. एवढा साधा नियम न पाळणारा माणूस आई-बापाच्या तपासण्या करून देईल, ही आशा सोडून द्या.

आता ‘ओरिजिनल’बद्दल. बुलडॉग ही जात इंग्लंडात बैलाशी झुंजवण्यासाठी तयार झाली. बांधलेल्या बैलाचं नाक धरायचं आणि सोडायचं नाही, एवढंच तिचं काम. १८३५ मध्ये कायद्याने हा खेळ बंद झाला, तसं त्या कुत्र्याला कामच उरलं नाही. पुढे प्रदर्शनांचा जमाना आला, १८७५ मध्ये लंडनमध्ये बुलडॉग क्लब निघाला, आणि तोंड आखूड, डोकं मोठं, पाय बुटके अशी निवड पिढ्यान्पिढ्या होत गेली. जुन्या चित्रांतला झुंजीचा बुलडॉग उंच पायांचा आणि बऱ्यापैकी लांब तोंडाचा दिसतो. म्हणजे आज ‘ओरिजिनल’ म्हणून जितकं चपटं तोंड विकलं जातं, तितकं ते मुळापासून लांब गेलेलं असतं.

तो जुना बांधा परत आणायचे प्रयत्न झालेत. अमेरिकेत डेव्हिड लेविट यांनी १९७१ पासून इंग्लिश बुलडॉगमध्ये बुलमास्टिफ, अमेरिकन बुलडॉग आणि पिट बुल यांचं रक्त मिसळून ‘ओल्ड इंग्लिश बुलडॉग’ची ओळ तयार केली. तिकडच्या युनायटेड केनेल क्लबने (श्वानजातींची नोंद ठेवणारी संस्था) तिला २०१४ मध्ये मान्यता दिली. अमेरिकन बुलडॉग ही आणखी वेगळी, शेतावरची, उंच आणि ताकदीची जात. ती घेणार असाल तर कायद्याची बाजू माहीत हवी: मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींच्या विक्री-प्रजननावर बंदी घालायला राज्यांना सांगणारं पत्रक काढलं, त्यात अमेरिकन बुलडॉग होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. इंग्लिश बुलडॉग त्या यादीत नव्हता. आपल्याकडे मात्र जरा लांब नाकाचं, बिनकागदाचं क्रॉस पिल्लू ‘ओल्ड टाइप’ म्हणून सर्रास खपवलं जातं. क्रॉस असणं वाईट नाही, उलट श्वासाच्या दृष्टीने बरंच. फक्त त्याला शुद्ध जातीची किंमत मोजू नका.

‘हेवी बोन’ हा शब्द तर डोक्यातून काढूनच टाका. ब्रिटिश केनेल क्लबच्या मानकात पूर्ण वाढलेला नर २५ किलो आणि मादी २३ किलो. ३५ किलोचा बुलडॉग कौतुकाने दाखवतात, तो बहुतेक वेळा नुसता लठ्ठ असतो, आणि लठ्ठपणा या जातीत थेट श्वासावर बसतो. ‘डबल रिंकल’ म्हणजे नाकावर जाड घडी, तिच्यात अडकणारी घाण आणि डोळ्यात घुसणारे केस. निळा, लायलॅक (फिकट जांभळट करडा), मर्ल (फिकट अंगावर गडद डाग) असे ‘रेअर’ रंग दुप्पट किमतीला विकतात, त्यांचा मान मानकात शून्य आहे. मर्ल रंग तर या जातीत नाहीच. तो दिसला की मिश्रण झालंय हे नक्की.

पिल्लू बघायला जाल तेव्हा आधी आईकडे बघा. ती शांत बसलेली असताना तिच्या श्वासाचा आवाज दाराशी ऐकू येतोय का? पाच मिनिटं अंगणात फिरल्यावर घशातून खरखर येते का, फेस येतो का, जीभ जांभळट होते का? आई दाखवायला टाळाटाळ केली तर चहा घ्या आणि निघा. मग पिल्लाचं नाक. समोरून बघितल्यावर दोन्ही नाकपुड्यांत उघडं भोक दिसलं पाहिजे. नुसती उभी चीर दिसत असेल आणि श्वास घेताना ती आणखी मिटत असेल, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी नको. टाळू फाटलेला नाही ना हे तोंड उघडून बघा. बेंबीवर गाठ, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल गोळा, पापण्या आत वळलेल्या, हेही तपासा. विकत घेण्याआधी डॉक्टरांकडून स्टेथोस्कोपने छाती तपासून घ्या. या जातीत हृदयातल्या, फुप्फुसाकडे जाणाऱ्या झडपेचा जन्मजात दोष बऱ्यापैकी आढळतो आणि ठोक्यांमध्ये कुजबुजीसारखा जादा आवाज ऐकू आला तर पुढे हृदयाची सोनोग्राफी लागते. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या (केसीआय) नोंदणी कागदावर मायक्रोचिपचा नंबर असतो. तो नंबर पिल्लाच्या चिपशी स्कॅनर लावून जुळवूनच पैसे द्या.

पुण्याहून आणताना रात्रीचा प्रवास करा, एसी गाडीत, कुणीतरी मागे शेजारी बसून. रेल्वेत कुत्र्याला नेण्याचे मुख्य मार्ग दोन असतात, फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा गार्डच्या डब्यातला पिंजरा. उन्हाळ्यात त्या लोखंडी पिंजऱ्यात बुलडॉग टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. विमानाच्या सामानकक्षातून चपट्या नाकाची कुत्री न्यायला बऱ्याच कंपन्या नकार देतात, तेही याच कारणाने.

श्वास आणि ऊन

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर जाते: नाकातल्या वळ्यांवरून, जिभेवरून, घशावरून हवा वेगाने फिरते, तिथलं पाणी वाफ होऊन उडतं आणि रक्त थंड होतं. आपल्या भागातला कारवानी हा शिकारी कुत्रा बघा, लांब तोंडामुळे त्याच्याकडे यासाठी भरपूर जागा असते. बुलडॉगची कवटी आखूड झाली, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. लहान अभ्र्यात मोठी उशी कोंबावी तसं सगळं आत दाबून बसलंय. नाकपुड्या अरुंद, मऊ टाळू लांब असल्यामुळे श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबणारा, काहींची श्वासनलिकाच बारीक. उकाडा झाला की कुत्रं जोरात धापतं, जोरात धापलं की लोंबणारा टाळू आणि घसा सुजतो, सूज आली की हवा आणखी कमी जाते, आणि धापण्याच्या श्रमानेच अंगाचं तापमान वर चढतं. हे चक्र एकदा सुरू झालं की पंधरा-वीस मिनिटांत कुत्रं आडवं होऊ शकतं.

म्हणून ‘घोरतोय, किती गोड’ हे बंद करा. झोपेत हलकं घोरणं वेगळं. जागेपणी, शांत बसलेला असताना आवाज येणं, जेवताना ठसकणं, जेवणानंतर फेस किंवा अन्न उलटून येणं, बसल्या-बसल्या झोपणं, तोंडात खेळणं धरून झोपणं (तोंड उघडं राहावं म्हणून), ही सगळी श्वास अडकल्याची लक्षणं आहेत. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटिश केनेल क्लब यांनी २०१९ पासून यासाठी श्रेणी पद्धत सुरू केली. कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवायचं, आधी आणि नंतर घशावर स्टेथोस्कोप लावून ऐकायचं, आणि ० ते ३ श्रेणी द्यायची. आपल्या डॉक्टरांनाही वर्षाच्या कुत्र्यावर हीच तपासणी करता येईल, अर्थात सकाळच्या गारव्यात. श्रेणी २ किंवा ३ निघाली तर नाकपुड्या रुंद करणं आणि टाळू आखूड करणं ही शस्त्रक्रिया वर्ष-सव्वा वर्षाच्या आसपास करून घ्यावी. ‘बघू पुढे’ म्हणून लांबवली की सततच्या ओढीने स्वरयंत्राच्या पिशव्या बाहेर येतात, पुढे स्वरयंत्रच ढिलं पडतं. मग शस्त्रक्रियेचा फायदा निम्मा होतो. नसबंदी करणारच असाल तर दोन्ही एकाच भुलीत उरकतात.

खोलीचं तापमान २३ ते २५ अंशांवर ठेवा. गच्चीखालचा फ्लॅट असल्यामुळे तुमचा स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहणार, हे धरून चाला. संध्याकाळी बाहेर वारा सुटला म्हणून एसी बंद करण्याची घाई नको. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मारल्याने बराच फरक पडतो. पेठांमधल्या जुन्या माळवदी (जाड मातीच्या छताच्या) घरांत हाच प्रश्न निम्मा होतो, पण ती घरं आता किती जणांकडे?

कूलरचं गणित इथे नीट समजून घ्या. एप्रिल-मे मध्ये आपली हवा कोरडी असते, तेव्हा वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा मोठा कूलर, समोरची खिडकी उघडी ठेवून, खोली बऱ्यापैकी उतरवतो. एसी बिघडला तर दुसरी फळी म्हणून तो असू द्या. पण जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की कूलर फक्त दमटपणा वाढवतो, आणि दमट हवेत धापून वाफ उडतच नाही. त्यामुळे ४३ अंशांच्या मे महिन्यात लोक जपतात, आणि जूनच्या ३४ अंशांत ‘आता गार झालं’ म्हणून दुपारी फिरायला नेतात. घात तिथे होतो. ऑक्टोबरचा चिकट उकाडाही त्यातलाच.

वीज गेल्यावर घरगुती इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, पंखा चालतो. त्यासाठी फ्रीझरमध्ये दोन लिटरच्या चार-पाच बाटल्या पाणी भरून कायम गोठवून ठेवा. वीज गेली की सुती कापडात गुंडाळून कुत्र्याच्या शेजारी ठेवायच्या. जमिनीवर शहाबादी फरशी असेल तर त्यावर त्याला मोकळं पडू द्या, वर जाड सोलापुरी चादर अंथरायची हौस थंडीत भागवा.

फिरणं उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत संपलं पाहिजे. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची उलटी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा, टेकवत नाही तर त्याचे पंजेही टेकवायचे नाहीत. एकावेळी पंधरा-वीस मिनिटं, गळपट्टा नव्हे, छातीचा हार्नेस. गळ्यावर ओढ बसली की आधीच अरुंद असलेली वाट आणखी दाबली जाते. स्कूटरच्या पायाशी उभं करून फिरवायची आपल्याकडे फॅशन आहे. खालून इंजिन, वरून ऊन, या जातीसाठी ते चालायचं नाही. बंद गाडीत तर पाच मिनिटंही नको.

उष्माघात झालाच तर

घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा, गुदद्वारात लावून मोजायचा. बुलडॉगचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं की सगळी कामं सोडून थंड करायला लागा, १०६ म्हणजे जीव धोक्यात. लक्षणं अशी: न थांबणारी धाप, चिकट दोरीसारखी लाळ, आधी गडद लाल आणि मग जांभळट किंवा फिकट हिरड्या, झोकांड्या, उलटी, जुलाब.

आधी थंड करायचं, मग दवाखाना. सावलीत किंवा घरात आणा, अंगभर पाणी ओता, पोट आणि जांघा भिजल्या पाहिजेत, आणि पंखा पूर्ण वेगाने त्याच्यावर. इथे सोलापुरात एक चूक हमखास होते. मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडला तर पाणी चटका बसेल इतकं गरम येतं. लोक घाबरून तेच ओततात. म्हणून उन्हाळाभर बाथरूममध्ये वीस लिटरची एक बादली रात्रीच भरून झाकून ठेवा. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावात ही बादली कुणी धुण्याला वापरणार नाही, एवढं घरात बजावून ठेवा. दुसरी चूक टॉवेलची. ओला जाड टॉवेल अंगावर गुंडाळला की पाच मिनिटांत तो अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि वारा अडवतो. टॉवेल खाली अंथरा, अंग उघडं ठेवा.

शुद्धीत असेल तर वाटीतून थोडं-थोडं पाणी पुढे करा, तोंडात ओतू नका. श्वासाच्या घाईत ते फुप्फुसात जातं. तापमान १०३ वर आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर ते खाली घसरत जातं. क्रोसिन, आयब्युप्रोफेन काही देऊ नका: या तापाला ते लागू पडत नाही, आणि कुत्र्याच्या यकृत-मूत्रपिंडाला घातक आहे. कुत्रं उठून शेपूट हलवायला लागलं तरी एसी गाडीत घालून डॉक्टरांकडे न्याच. रक्त गोठण्याचे आणि मूत्रपिंडाचे बिघाड एक-दोन दिवसांनी उघडे पडतात. तुमच्या भागातल्या कोणत्या दवाखान्यात ऑक्सिजन आहे आणि कोण रात्री फोन उचलतं, हे आजच विचारून ठेवा.

खाणं

सूत्र असं: वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०, म्हणजे आडवं पडून राहायला लागणाऱ्या कॅलरी. २४ किलोच्या बुलडॉगला ते साधारण ७६० येतं. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्यासाठी याच्या १.२ ते १.४ पट, म्हणजे ९०० ते १०५० कॅलरी. पॅकेटच्या कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला साधारण ३६० कॅलरी असतात (पाकिटावर बघा), म्हणून दिवसाला २५० ते ३०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. वाटीने नको, वजनकाट्यावर मोजा. ज्वारीची एक मध्यम भाकरी जवळपास २०० कॅलरींची. मुलांनी जेवताना टेबलाखालून दिलेल्या दोन भाकऱ्या म्हणजे त्याच्या दिवसाच्या चाळीस टक्के. हात फिरवल्यावर फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत, वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे. या जातीत कंबर दिसत नाही, हे खोटं आहे.

घरचं देणार असाल तर चिकन, अंडं, भात किंवा भाकरी, दुधी-भोपळा-गाजर चालतं, पण त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांचं प्रमाण डॉक्टरांकडून बांधून घ्यावं लागतं. उलट, पिल्लाला चांगलं पपी फूड चालू असेल तर वरून कॅल्शियमचं सिरप देऊ नका. दुकानदार ते हमखास गळ्यात मारतात. जादा कॅल्शियमने वाढीतली हाडं बिघडतात, आणि या जातीत खुबे आधीच कच्चे.

बुलडॉगमध्ये युरिक ॲसिड लघवीत जास्त जाण्याचा जनुकीय दोष आढळतो, त्यातून लघवीच्या पिशवीत खडे होतात. नरात खडा मूत्रनलिकेत अडकला तर लघवीच बंद होते. मटणवाल्याकडून स्वस्तात कलेजी-गुर्दा आणून रोज घालणं म्हणूनच नको. आपलं बोअरचं पाणी जड असलं तरी या खड्यांचं कारण ते नाही. पाणी कमी पिण्याने मात्र ते वाढतात. जेवणात अर्धी वाटी पाणी घालत जा. थेंब-थेंब लघवी, कुंथणं, लाल लघवी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

आपल्या जिल्ह्यात द्राक्षं आणि बेदाणा घरोघर असतो. कुत्र्याला द्राक्ष आणि बेदाणा दोन्ही विषारी आहेत, थोड्यानेही मूत्रपिंड बंद पडू शकतं आणि कोणत्या कुत्र्याला किती लागेल याचा अंदाज बांधता येत नाही. शेंगाचटणीतला लसूण, कांदा, चॉकलेट, शिजवलेली हाडं हेही नको. गॅस मात्र बुलडॉगला होतोच: तो घाईने खातो आणि हवा गिळतो. खोबणीचं ताट घ्या, दूध बंद करा, बराच फरक पडेल. पूर्ण जाणार नाही, खिडकी उघडा.

घड्या, शेपूट, पंजे, डोळे

नाकावरची घडी रोज, पावसाळ्यात दोनदा. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं सुती फडकं बोटाला गुंडाळायचं, घडी दुसऱ्या हाताने ताणून उघडायची, तळापर्यंत पुसायचं, आणि मग कोरड्या फडक्याने पुन्हा. कोरडं करणं हा या कामाचा खरा भाग आहे. ओली घडी मिटली की आत यीस्ट आणि जंतू माजतात: तपकिरी चिकटा, आंबूस वास, लाल त्वचा. तसं झालं तर डॉक्टर क्लोरहेक्सिडिनचे वाइप्स देतात. पावडर टाकू नका, तिचा ओलसर लगदा होऊन घडीत बसतो. खोबरेल आणि हळदही नको, तेलाने ओल आत कोंडते.

शेपटीचं लोकांच्या लक्षातच येत नाही. बुलडॉगची शेपूट आखूड, कधी आत वळलेली असते, आणि तिच्या मुळाशी एक खळगा असतो. शेपूट जरा उचलून बोट आत घातल्याशिवाय तो दिसत नाही. कुत्रं ढुंगण घासत चालतंय, मागे वळून चावायचा प्रयत्न करतंय, जवळ बसलं की कुबट वास येतोय, म्हणजे तिथे पू झाला असण्याची शक्यता मोठी. आठवड्यातून दोनदा तिथेही तेच, ओलं फडकं आणि कोरडं फडकं.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्याच्या शाम्पूने. औषधी शाम्पू असेल तर दहा मिनिटं फेस अंगावर राहू द्यायचा, नाहीतर पैसे पाण्यात. डेटॉलसारखी जंतुनाशकं अंगाला नको, आणि फरशी फिनाइलने पुसत असाल तर ती पूर्ण वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. बोटांच्या बेचक्यात लाल फोड येतात, ते फोडू नका. वजन, ॲलर्जी आणि खरखरीत जमीन ही त्यांची कारणं, औषध कित्येक आठवडे घ्यावं लागतं. सतत पंजे चाटणं आणि कान लाल होणं ही ॲलर्जीची पहिली खूण. डोळ्याच्या कोपऱ्यातला लाल गोळा, ज्याला चेरी आय म्हणतात, तो कापून टाकायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. ती अश्रूंची ग्रंथी आहे, शिवून जागेवर बसवतात. कापली तर पुढे डोळा कोरडा पडतो आणि आयुष्यभर थेंब घालत बसावं लागतं.

गोचिडांसाठी वजनानुसार महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने. फिट येणाऱ्या कुत्र्याला ती देण्याआधी तसं सांगा. गोचीडताप आला की नाकातून रक्त, फिकट हिरड्या, अंगात कसकस, आणि या जातीत तापाने पुन्हा धापच लागते. लसींचा क्रम इतर पिल्लांसारखाच, रेबीज साधारण तीन महिन्यांची झाल्यावर आणि पुढे डॉक्टरांच्या वेळापत्रकाने.

राहिलेल्या काही गोष्टी

तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर विचार करा: २५ किलोचं कुत्रं म्हातारपणी रोज दोनदा उचलून न्यावं लागेल. खुबे आणि मणक्यांचे दोष या जातीत इतके सर्रास आहेत, की जिन्यावरून उड्या मारणं पहिल्या वर्षात तर नकोच. पोहणं त्याला जमत नाही; जड डोकं, आखूड पाय, तो सरळ बुडतो. शेतावर नेत असाल तर प्लास्टिक अंथरलेलं शेततळं सर्वांत धोक्याचं, कारण निसरड्या कडेवरून वर यायला पोहणाऱ्या कुत्र्यालाही जड जातं.

स्वभावाची काळजी नको. मुलांशी तो अतिशय सोशिक, घरच्यांना चिकटून राहणारा, थोडा हट्टी आणि क्वचित भुंकणारा. राखणीला उपयोग नाही, चोर त्याचा चेहरा बघून पळाला तर तेवढंच. एकटं सोडलेलं त्याला सोसत नाही. आयुष्य साधारण ८ ते १० वर्षं, मुलांना हे आधी सांगा.

मादी घेऊन घरी पिल्लं काढायचा बेत असेल तर तो सोडा. पिल्लांची डोकी मोठी आणि आईचं ओटीपोट अरुंद असल्यामुळे या जातीतली बहुतेक बाळंतपणं सिझेरियनने होतात, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला भूल देणं हे जपून करायचं काम आहे: भुलीआधी ऑक्सिजन, घशातली नळी कुत्रं पूर्ण जागं होऊन गिळायला लागेपर्यंत तशीच, नंतर काही तास देखरेख. कुठल्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना या तीन गोष्टी विचारा. नखं कापायला म्हणून गुंगीचं इंजेक्शन देतो म्हणणाऱ्याकडे देऊच नका.

धोका फक्त उन्हातच असतो असंही नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळचं शोभेचं दारूकाम, शिवजयंती आणि गणपतीच्या मिरवणुकांचा डीजे, या आवाजाने घाबरलेलं कुत्रं थंडीतही धापून तापतं. त्या रात्री आतली खोली, खिडक्या बंद, पंखा चालू, माणूस शेजारी. फारच घाबरत असेल तर आधीच डॉक्टरांकडून गोळी ठरवून घ्या. गुंगी आणणारी आणि भीती कमी करणारी यांत फरक असतो, पहिली नको.

सुट्टीत गावाला जाताना बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल तर पिंजऱ्यांच्या फोटोंवर जाऊ नका. मे महिन्यात दुपारी दोनला न सांगता जाऊन बघा, कुत्री ठेवतात ती खोली वर पत्र्याची आहे की स्लॅबची, एसी खरंच चालू आहे का, वीज गेल्यावर काय करतात. ठेवलंत तर एका कागदावर त्याचं वजन, खाद्याचे ग्रॅम, घड्या पुसायची पद्धत, नेहमीचं तापमान आणि डॉक्टरांचा नंबर लिहून तिथल्या मुलाच्या हातात द्या, मालकाच्या नव्हे.